टिपऱ्यांचे घर आणि भोरमधील एक स्वयंपाकघर

वाढत्या वयातील मुलांचे घरातले प्रसंग विनोदाच्या अंगाने मांडणाऱ्या मराठी मालिकांत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेचे स्थान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ही मालिका कोणी, कोठे बसून आणि कोणत्या अटींवर पाहिली, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. भोर शहरातील एका घरात, वेल्हे तालुक्यातून माध्यमिक शिक्षणासाठी मामाकडे राहायला आलेल्या एका मुलीने ही मालिका जवळजवळ संपूर्णपणे ऐकली, पाहिली मात्र क्वचितच. ती मुलगी म्हणजे प्रस्तुत लेखिका होय, आणि त्या घरातील एका संध्याकाळचा सल इतक्या वर्षांनंतरही गेलेला नाही, एवढेच या लेखनाचे कारण आहे.

मालिकेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून ती तयार झाली, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली आणि २००१ पासून ती अल्फा मराठी या वाहिनीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, आठवड्यातून एकदा दाखवली जाऊ लागली. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे, असे हे पाच माणसांचे मध्यमवर्गीय घर होते, आणि त्याची मराठी प्रेक्षकांना पुन्हा ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

वेल्हे तालुक्यातून (ज्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे) ही मालिका पाहणे सहसा शक्य नव्हते, कारण त्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर त्या काळी केबल पोहोचलेली नव्हती. केबल म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या एका मोठ्या छत्रीने पकडून तारेने घरोघर देण्याची व्यवस्था. आणि अशी तार दाट वस्तीच्या गावातच परवडते, तोरण्याच्या पायथ्याला विखुरलेल्या दहा-पंधरा उंबऱ्यांसाठी ती कोणी ओढत नाही. राहिले दूरदर्शन, तर त्याचा मनोरा सिंहगडावर, म्हणजे तालुक्याच्या अगदी वेशीवर उभा असूनही, त्याच्या प्रक्षेपणाच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जात असल्याने मध्ये डोंगराची धार आली की पडद्यावर चित्राऐवजी मुंग्या येत. ज्या माळावरून मनोरा डोळ्यांना दिसतो तेथे चित्र स्वच्छ, आणि धारेच्या आडच्या घरात अँटेना कितीही फिरवली तरी मुंग्याच, असा तेथला सरळ हिशेब होता. त्यामुळे पानशेत आणि वरसगाव या धरणांसाठी ज्या खोऱ्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या आसपासच्या मुलांना पुण्याच्या मुलांचे आवडते कार्यक्रम केवळ नावाने माहीत असत.

भोर मात्र संस्थानी गाव होते. पंतसचिवांचा राजवाडा, नीरा नदी, बाजारपेठ, शाळा, आणि २००१ च्या सुमारास पेठेतील बहुतेक छपरांवरून गेलेली केबलची तार. चेलाडी फाट्यावरून एसटी बदलून आलेल्या मुलीला भोरमधील मामाचे घर हे शिक्षणाचे घर होते तसेच रंगीत टीव्हीचेही घर होते, आणि या दोहोंपैकी कशाचे आकर्षण अधिक होते हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. नात्यातील मुलगी शिकायला ठेवून घेणे ही मावळात मोठी उपकाराची गोष्ट मानली जाते, आणि ती तशी आहेही. मात्र या उपकाराची परतफेड मुलीने हाताखाली काम करून करावयाची असते, हेही कोणी न सांगता सर्वांना ठाऊक असते. त्या घरात नळाला पाणी संध्याकाळी येई, आणि पाण्याची वेळ, भाकऱ्यांची वेळ व टिपऱ्यांची वेळ या तिन्ही वेळा एकमेकींवर येत असत.

त्या संध्याकाळी जे घडले ते घटना म्हणून अगदी किरकोळ आहे, परंतु त्याचा क्रम नीट सांगितल्याशिवाय त्यातील अन्याय लक्षात येणार नाही. घटक चाचणीचे गुण आले होते. मामेभाऊ त्याच इयत्तेत होता आणि तो गणित व इंग्रजी या दोन विषयांत नापास झाला होता. मुलगी वर्गात वरच्या क्रमांकांत आली होती. मामांनी त्यावर नियम केला की यापुढे अभ्यास पूर्ण झाल्याशिवाय दोघांपैकी कोणीही टीव्हीसमोर बसायचे नाही. नियम न्याय्य होता, आणि तो दोघांना सारखा लागू असल्यामुळे मुलीला त्याचा आनंदच झाला, कारण त्या घरात दोघांना सारखा लागू होणारा तो बहुधा पहिलाच नियम होता. तिने शाळेतून आल्यावर लगेच गणिताचा गृहपाठ उरकला, पिंपातले शिळे पाणी ओतून पिंप घासून ठेवले, कणीक मळून झाकून ठेवली आणि मालिकेचे शीर्षकगीत लागताच वही हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मामेभावाची वही कोरी होती, आणि तो टीव्हीसमोर, सतरंजीच्या मधोमध बसलेला होता.

मामांनी वही पाहिली. ती तपासून त्यांनी “शाब्बास” म्हटले, हे नोंदवले पाहिजे. त्यानंतर मामेभावाकडे पाहून ते म्हणाले, “बसू दे गं त्याला, दिवसभर शाळेत दमलाय बिचारा.” त्याच वेळी मोरीतून नळाचा आवाज आला आणि मामी आतून म्हणाल्या, “पोरी, हंडा लाव आधी, पाणी गेलं तर उद्या काय करायचं?” मुलगीही दिवसभर त्याच शाळेत होती, त्याच वर्गात होती, ही गोष्ट त्या खोलीतील कोणाच्याही मनात आली नाही, आणि खरी खंत हीच आहे की कोणी दुष्टपणा केला नाही. कोणी रागावले असते, कोणी हाकलून दिले असते, तर त्याला उत्तर देता आले असते. येथे नियम मोडला गेला तो प्रेमाने, आणि त्या प्रेमात मुलीचा हिशेब धरलेला नव्हता.

हंडा भरेपर्यंत, नंतर पिंप भरेपर्यंत, बाहेरच्या खोलीतून दोनदा मोठे हसणे ऐकू आले. दुसऱ्या वेळचे हसणे इतके लांबले की मामांना ठसका लागला. हंडा डोक्यावरून उतरवून मुलीने दारातून विचारले, “काय झालं?” मामेभाऊ डोळे पुसत म्हणाला, “ते सांगून नाही कळायचं, बघायलाच हवं होतं.” या उत्तराइतके बोचणारे वाक्य तिला त्यानंतरच्या आयुष्यात क्वचितच ऐकावे लागले. अभ्यासात मागे टाकलेल्या मुलाने, जे पाहण्याचा हक्क तिने मिळवला होता, तेच पाहिले नाही म्हणून तिला अडाणी ठरवावे, ही गोष्ट तेव्हा सहन झाली नाही आणि आजही होत नाही.

येथे मालिकेच्या रचनेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. कौटुंबिक विनोदी मालिकेत सामान्यतः एक प्रसंग सुरू होऊन त्याच भागात मिटतो. टिपऱ्यांच्या घरात तो मिटल्यावर आबा आपल्या अनुदिनीत, म्हणजे रोजनिशीत, त्याची नोंद करीत. ‘द वंडर इयर्स’ या १९८८ ते १९९३ या काळातील अमेरिकन मालिकेत मोठा झालेला मुलगाच स्वतःचे बालपण सांगतो. टिपऱ्यांकडे मात्र नातवंडांचे वाढणे आजोबा लिहितात, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. मूळ पुस्तकात तर घरातील पाचही जण आपापली रोजनिशी लिहितात, त्यामुळे सुनेची बाजूही तिच्याच हातची मिळते. घरातल्या प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे, ही या कलाकृतीची खरी थोरवी आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. शिकायला ठेवलेल्या मुलीची, मोलकरणीची, गावाकडून आलेल्या भाच्याची वही मात्र अशा कथांत सहसा नसते, आणि ती असायला हवी.

पुढे मोबाईलवर या मालिकेचे भाग पाहण्याची सोय झाली, तेव्हा लेखिकेने ते एकामागून एक पाहिले. त्या संध्याकाळचा भाग कोणता, हे ओळखता आले नाही, कारण स्वयंपाकघरात ऐकू आलेले हसणे घरातल्यांचे होते, पडद्यावरचे नव्हे. शिवाय, भाग आवडले. राग धरून पाहायला बसलेल्या बाईला प्रभावळकरांचे आबा पाहताना राग धरता आला नाही, आणि मामाही पुष्कळ अंशी त्याच आबांसारखे प्रेमळ, विसरभोळे गृहस्थ होते, हे मान्य करावे लागले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मामींकडून कळली. अलीकडे त्यांना एक भाग दाखवला असता त्यांनी प्रत्येक पात्र आवाजावरून क्षणात ओळखले, पण शिऱ्याचा चेहरा पडद्यावर येताच त्या म्हणाल्या, “हा असा दिसतो होय?” चुलीपाशी बसून त्यांनीही ती मालिका केवळ ऐकलीच होती, आणि त्यांना तर बाहेर येऊन वही दाखवण्याचीही सोय नव्हती. मुलगी त्यांच्यावर वर्षानुवर्षे रुसून होती. तो रुसवा चुकीच्या माणसावर होता असे म्हणावे, तर हंडा लावायला सांगणारा आवाज त्यांचाच होता, हेही खोटे नाही. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही आणि तो ओढूनताणून बसवण्यात अर्थही नाही.

भोर आणि वेल्ह्यात आता डिश आहे, मोबाईल आहे, आणि धारेच्या आडच्या कित्येक वाड्यांवर रेंजही येते. मात्र शिक्षणासाठी नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुली आजही आहेत. ज्या घरांनी अशी मुलगी ठेवून घेतली आहे त्यांना एवढीच विनंती आहे की, घर हसायला बसते त्या अर्ध्या तासात तिलाही सतरंजीवर जागा द्यावी, हंडा त्या वेळी मुलाने लावावा, आणि स्वयंपाक थोडा उशिरा झाला तर तो उशीर सर्वांनी मिळून सोसावा.