काठमांडूच का?

लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आली तेव्हा मुलांनीच घरात विषय काढला. "पप्पा, या वाढदिवसाला आईला परदेशात घेऊन जा." ऑफिसमधल्या सहकाऱ्यांनी तर यादीच दिली : बँकॉक, सिंगापूर, दुबई. एकाने टूर कंपनीचे रंगीत पत्रक टेबलावर आणून ठेवले. मी पडलो कारकून. कोणताही कागद हाती आला की आधी खालची बेरीज पाहतो. बेरीज पाहिली आणि पत्रक घडी घालून खणात ठेवले.

पण खरी अडचण पैशाची नव्हती, मनाची होती. विहारासाठी दारोदार वर्गणी मागणारा, लग्नात उधळपट्टी करू नका, कर्ज काढून हळदी करू नका असे वस्तीत सांगणारा मी. तोच मी वाढदिवसासाठी परदेशी गेलो तर समाज काय म्हणेल? हे मी घरात बोलून दाखवले. पत्नी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षे तुम्ही मीटिंगला जाता आणि मी दार उघडायला जागी राहते. पैसे माझ्या भिशीचे आहेत. कर्ज नाही, कोणाची वर्गणी नाही. एकदा मलाही कुठं तरी जाऊ द्या." थोडे थांबून पुन्हा म्हणाली, "रमाईला कुठं जाता आलं? बाबासाहेब न्यूयॉर्क-लंडनला शिकत होते आणि ती इथं मुंबईत दिवस काढत होती."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शहर तिनेच निवडायचे, असे ठरले.

तिने पहिले नाव घेतले लंडनचे. तेथे किंग हेन्री रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आता तेथे स्मारक आहे. पण विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च ऐकून ती म्हणाली, "ते राहू द्या. पोरं शिकायला जातील तेव्हा बघतील." दुसरे नाव श्रीलंकेतील कँडीचे. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब तेथे गेले होते. पण त्यासाठी पासपोर्ट हवा. तिच्याकडे तो नव्हता आणि वाढदिवसाला जेमतेम दीड महिना उरला होता.

तिसरे नाव काठमांडूचे. धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. प्रकृती ढासळली होती. माईसाहेब सोबत होत्या. २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे भाषण तेथे केले. त्यानंतर सोळाच दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. पत्नी म्हणाली, "मग हेच. बाबासाहेबांचं ओळखपत्र आहे आपल्याजवळ." मताचा अधिकार त्यांनीच दिला, असे तिला म्हणायचे होते.

मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सोनौलीची सीमा. कमानीखालून चालत पलीकडे गेलो. पत्नीने मागे वळून विचारले, "झाला परदेश?" मी म्हटले, "झाला." ती हसली. पंचवीस वर्षांत असे हसणे मी फार वेळा पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पहिला मुक्काम लुंबिनी. सीमेपासून तासाभराच्या अंतरावर आहे. मायादेवी मंदिरात प्राचीन विटांचे अवशेष आहेत आणि बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ. भगवान बुद्ध येथे जन्मले म्हणून अशोकाने या गावाचा कर माफ केला आणि धान्याचा वाटा आठवा हिस्साच ठेवला, असे त्यावर कोरले आहे. आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्या मला ती ओळ फार आवडली. श्रद्धा व्यक्त करायची तर गरिबाच्या डोक्यावरचे ओझे कमी करून!

लुंबिनीहून काठमांडू म्हणजे दिवसभराचा घाटरस्ता. वाढदिवसाच्या सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून स्वयंभू स्तूपाच्या पायऱ्या चढलो. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून बसत बसत गेलो. स्तूपावर बुद्धाचे डोळे रंगवले आहेत आणि नाकाच्या जागी आपल्या एक आकड्यासारखी खूण आहे. संध्याकाळी बौद्धनाथचा भव्य स्तूप पाहिला. २०१५ च्या भूकंपात त्याच्या शिखराला तडे गेले होते. दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये तो पुन्हा खुला झाला. तिबेटी आयाबाया माळ ओढत प्रदक्षिणा घालत होत्या. पत्नीही त्यांच्यात मिसळली.

दुसऱ्या दिवशी पाटणला जुनी विहारे पाहिली. त्यांना तेथे बहाल म्हणतात. कोरीव काम डोळ्यांचे पारणे फेडणारे. पण येथील नेवार बौद्धांत शाक्य आणि वज्राचार्य यांची मुलेच जन्माने या विहारांच्या संघात घेतली जातात, हे मी पत्नीला सांगितले. ती चौकात उभी राहिली. "म्हणजे आपण इथं जन्मलो असतो तर?" नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्यानेच जातींची उतरंड लिहून ठेवली होती. अस्पृश्यतेची कायदेशीर मान्यता गेली १९६३ साली, आणि २०११ मध्ये जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. बुद्धाच्या जन्मभूमीतही जात शिरली. बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे त्या चौकात मला नव्याने समजले. धम्म घेतला आणि जात ठेवली, असे आपल्याही घरात सोयरीक जुळवताना होत नाही का? पोटजात विचारणाऱ्यांनी स्वतःला हा प्रश्न करावा.

शेवटच्या सकाळी स्वयंभूजवळच्या आनंदकुटी विहारात गेलो. हा थेरवादी विहार आहे. १९४४ साली राणा राजवटीने थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढले होते. ते परत आले आणि काम पुढे चालू राहिले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले. शब्द तेच, पाली तीच. आमच्या लग्नात चाळीच्या मंडपात जे म्हटले, तेच परदेशात शेजारी शेजारी बसून पुन्हा म्हटले. पत्नीने भिशीतले उरलेले पैसे दानपेटीत टाकले. मला विचारले नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे : प्रत्येकाने मतदार ओळखपत्र मूळ प्रतच न्यावी, झेरॉक्स चालत नाही. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. तेथे दुकानदार आपल्या रुपयाला आयसी आणि त्यांच्या रुपयाला एनसी म्हणतात, म्हणून भाव ठरवताना कोणता रुपया ते आधी विचारून घ्यावे. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आणि कार्यकर्त्या बांधवांना एक विनंती. आपण सभा गाजवतो तेव्हा घरी कोणीतरी दार उघडायला जागे असते. परदेश नाही जमला तर नागपूरची दीक्षाभूमी आहे, महूची जन्मभूमी आहे. पण एकदा तिला विचारा, तुला कुठे जायचे आहे? आणि ती सांगेल तेथे जा. मला हे विचारायला पंचवीस वर्षे लागली. तुम्ही इतकी लावू नका.