मनगटाचं माप

बांगडी घ्यायची ती तळव्याच्या मापाची, घड्याळ मनगटाच्या. काचेच्या बांगडीला उघडण्याची सोय नसते. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या हाडावरून ती पार व्हावी लागते आणि एकदा पार झाली की मनगटावर सैलच राहते. पनवेलच्या बाजारात कासारकाका माझा हात दाबून पाहायचे आणि म्हणायचे, "दोन-दोन." म्हणजे आतला व्यास 2 इंच आणि 2 आणे, इंचाचे आणे 16. आई दोन-सहाची. माझ्या मापाच्या बांगड्या फार थोड्या असत, त्यामुळे रंग निवडायची वेळ क्वचितच यायची. "हात अगदीच बारीक हो पोरीचा," असं कुणीतरी म्हणायचं आणि आपल्यात काहीतरी कमी आहे हे मनात पक्कं व्हायचं.

दहावीच्या परीक्षेला बाबांनी त्यांचं एचएमटी जनता माझ्या हाताला बांधलं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळुरूला सरकारी घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे बाबांच्या पिढीच्या मनगटावर एचएमटीच आलं. 17 ज्वेलचं हे घड्याळ रोज चावी मागायचं. पट्टा चामड्याचा होता. शेवटचं भोकही मला सैल पडलं, तेव्हा टपाल नाक्यावर चपला शिवणाऱ्या मामांनी आरीने आणखी दोन भोकं पाडून दिली. पट्ट्याचं उरलेलं टोक मनगटाला वळसा घालून परत वर यायचं. तरीही तीन तास ते घड्याळ माझं होतं.

चामड्याचा पट्टा पनवेलच्या हवेत टिकत नाही. खाडीकडून येणारा दमटपणा, त्यात घाम. पावसाळ्यात चार दिवस कपाटात राहिला की त्यावर पांढरी बुरशी चढते. म्हणून नोकरी लागल्यावर टायटनचं घड्याळ घेतलं ते चेनचं. टायटनची क्वार्ट्झ घड्याळं तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. दुकानात निघतील तेवढ्या कड्या काढल्या, तरी ते हातावर फिरायचंच. फळ्यावर लिहिताना तबकडी मनगटाच्या आत जायची. मी ती तशीच राहू दिली. आमच्या शाळेतल्या बऱ्याच बाई तशाच घालत, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही.

मनगटी घड्याळाचा इतिहास मी पुष्कळ उशिरा वाचला. 1868 साली पाटेक फिलीपने हंगेरीच्या एका काउंटेससाठी घड्याळ बनवलं, ते सोन्याच्या कंकणात बसवलेलं होतं. पुरुष त्या काळी खिशात घड्याळ ठेवत आणि मनगटी घड्याळ बायकांचा दागिना समजत. पहिल्या महायुद्धात, खंदकात खिशात हात घालायला सवड नसताना, ते पुरुषांच्या हातावर रुळलं. मोठं मनगट हेच घड्याळाचं मूळ माप, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो समज त्या वाचनाने गेला.

निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने मी लाँजिनचं घड्याळ घेतलं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिए गावची ही 1832 सालची कंपनी. तबकडी मुद्दाम बेताची निवडली. पट्टा ज्या कानांना जोडलेला असतो, ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर डोकावले तर कितीही कड्या काढा, घड्याळ नीट बसत नाही. पट्टा मी पनवेलमध्येच, लाईन आळीजवळच्या एका जुन्या घड्याळजींकडून बेतून घेतला.

त्यांनी आधी घड्याळाकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. "ताई, हात खाली सोडा. आता वर करा. मूठ वळा." दुपारी, उन्हातून आल्यावर मनगट किंचित फुगतं, म्हणून सकाळच्या मापावर विसंबायचं नाही, असं ते म्हणाले. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी कड्यांच्या आतल्या बाजूचे बारीक बाण दाखवले. बाणाच्या दिशेने पिन बाहेर ढकलायची आणि बसवताना उलट दिशेने आत घालायची. काही पट्ट्यांत पिनेऐवजी स्क्रू असतो, काहींत पिनेवर इवलीशी नळी असते. ती हरवली तर कडी धरत नाही. कड्या दोन्ही बाजूंनी काढायच्या, म्हणजे लॉक मनगटाच्या मधोमध येतं. बहुधा सहाच्या आकड्याकडची एखादी जास्त निघते. शेवटचा एखादा मिलिमीटर लॉकमधल्या भोकांवर जुळवायचा. रोलेक्सने तर इझीलिंक नावाने 5 मिलिमीटरची वाढ पट्ट्यातच दडवून ठेवली आहे. हात फुगला की ती उघडायची.

लॉक लागलं. पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकली. हात झटकला, पण तबकडी जागची हलली नाही. निघालेल्या कड्या त्यांनी पिनांसकट छोट्या पुडीत बांधल्या आणि म्हणाले, "जपून ठेवा. हे घड्याळाचंच अंग आहे."

ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मापात न बसणाऱ्या गोष्टींनी आयुष्यभर मला माझा हात लहान असल्याचं सांगितलं. इथे मात्र माझ्या हातात काहीच कमी नव्हतं, पट्ट्यात कड्या जास्त होत्या. वस्तू घडवणाऱ्याने ती सुटी करता येईल अशी घडवली होती आणि बेतणाऱ्याला माझा हात पाहायला वेळ होता, एवढंच तिथे वेगळं होतं. महागड्या वस्तूकडून मी आता चकाकीच्या आधी हीच अपेक्षा धरते, की तिने माणसाला जुळवून घ्यावं. म्हणून कुणी असं घड्याळ घ्यायला निघालं की मी आवर्जून सांगते: पट्टा बेतताना घाई करू देऊ नका आणि निघालेली प्रत्येक कडी मागून घ्या.

माझ्या लेकीचं मनगट तिच्या बाबांवर गेलंय, चांगलं रुंद. पुढे घड्याळ तिच्याकडे जाईल तेव्हा त्या कड्या पुन्हा पट्ट्यात बसतील आणि ते तिलाही तितकंच नेमकं होईल. एकाच घड्याळाची आम्हा दोघींची मापं वेगळी, आणि दोन्ही बरोबर.