पिसांची गादी

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वाडवडील सांगत आले. पण तें अंथरूण कशानें भरलेलें असावें, याविषयीं म्हणीनें मौन पाळलें आहे. मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. तरीहि भाजीच्या जुडीची जितकी पारख आपण करतों, तितकी गादीची करीत नाहीं. आमच्या घरांत हा विषय निघाला तो चिरंजीवांमुळें. जर्मनींत नोकरीला असलेले हे गृहस्थ गेल्या डिसेंबरांत रजेवर आले, ते आजीच्या पाठदुखीवर उपाय म्हणून पिसांची एक गादी बरोबर घेऊनच!

ही गादी म्हणजे आपली भरीव गादी नव्हे. नेहमींच्या गादीवर पसरावयाचा हा चार बोटें जाडीचा मऊ थर असतो. त्यांत बदकांचीं वा हंसांचीं पिसें भरतात. पिसांतहि दोन प्रकार. मोठ्या पिसाला मधोमध वांकडी दांडी असते. ती दाबली कीं स्प्रिंगप्रमाणें परत उसळते व थोडा आधार देते. छातीवरची बारीक लव मात्र बिनदांडीची. तिच्या तंतूंत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. म्हणून पुष्कळ गाद्यांत खालीं पिसें व वर लव अशी योजना करतात, आणि सारीं पिसें एका कोपऱ्यांत गोळा होऊं नयेत म्हणून आंत चौकोनी कप्पे शिवतात.

थंड मुलखांत अशा अंथरुणाची योग्यता फार मोठी. जुन्या युरोपांत तें श्रीमंतीचें लक्षण होतें आणि मृत्युपत्रांत त्याची वांटणी नमूद होत असे. शेक्सपिअरनें १६१६ सालच्या मृत्युपत्रांत पत्नीला आपला दुय्यम प्रतीचा पलंग ठेवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आइसलंडांत आयडर नांवाच्या बदकाची मादी स्वतःच्या छातीची लव घरट्यांत अंथरते, आणि लोक ती घरट्यांतून वेंचून घेतात.

गादीचे गुण आईनें पहिल्याच रात्रीं मान्य केले. पुण्यांतील डिसेंबरची पहांट बोंचरी. त्यांत अंगाखालून ऊब आली, आणि कुशीवर वळतांना खांद्याला व कमरेच्या हाडाला टोंचलें नाहीं. ब्यायशीं वर्षांच्या कृश देहाला हें सुख लहान नव्हे.

तिसऱ्या दिवसापासून मात्र दुसरी बाजू दिसूं लागली. देहाच्या भारानें पिसें बाजूला सरतात व मध्यें खळगा पडतो. त्या खळग्यांतून उठतांना आईच्या हातांना टेंका मिळेना. मऊ तेवढें पाठीला हितकर, हा समज सर्वस्वीं खरा नाहीं. आणि कडक तेवढें हितकर, हाहि नाहीं. स्पेनमध्यें जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला प्रयोग २००३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत कडक गादीपेक्षां मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचें आढळलें. वरचा मऊ थर टोंचणें कमी करील. पण खालची गादी बसकी असली, तर तिचा दोष तो दूर करूं शकत नाहीं. तान्ह्या मुलाला तर अशा अंथरुणावर निजवूंच नये. नाक मऊ भागांत रुतून श्वास कोंडण्याचें भय असतें. पुतण्याच्या पत्नीनें आपल्या बाळाला तेथून तत्काळ उचललें, तें योग्यच झालें.

शिवाय निगा आलीच. गादी रोज झाडून फुलवावी लागते. पिसांच्या दांड्या विरळ कापडांतून बाहेर डोकावतात, म्हणून खोळ घट्ट विणीची लागते. घरीं धुणें कठीण. आंत ओल राहिली कीं कुबट वास सुटतो. कोंकणांतील पावसाळ्यांत तिचें काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पण प्रश्न पाठीपाशीं थांबला नाहीं. आईनें एके दिवशीं विचारलें, "अरे, ज्या पांखरांचीं हीं पिसं, त्यांचं काय झालं?" चिरंजीवांनीं खरें तें सांगितलें : बहुतेक पिसें मांसासाठीं मारलेल्या पक्ष्यांचीं असतात, कोठें कोठें जिवंत पक्ष्यांचींहि उपटतात, तसें केलें नसल्याचे दाखले आतां मिळतात. धाकटे बंधु म्हणाले, "आई, तुझं रेशमी सोवळंहि किडे उकळूनच होतं." आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तेंहि खरंच रे. पण तें आजवर सुचलं नाहीं, म्हणून हेंहि सुचूं नये कीं काय?" यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें.

मला टोंचत होतें तें निराळेंच. एवढ्या लांबून मायेनें आणलेली वस्तु परत कशी करावी? तोहि गुंता आईनेंच सोडविला. नातवाला जवळ बसवून ती म्हणाली, "तुझ्याकडे बर्फ पडतं, ही तिथंच शोभते. मला तूं पिंजारी शोधून दे."

तिच्या जुन्या गादींत कापसाचे गोळे झाले होते, हें खरें दुखणें. पिंजणाचा टणत्कार करीत आळींतून जाणारा पिंजारी आतां क्वचितच दिसतो. पिंजण्याचें काम यंत्रावर होतें. चिरंजीवांनीं पेठेंत एक दुकान शोधलें, जुना कापूस समोर उभें राहून पिंजून घेतला, थोडा नवा घातला आणि टाके जवळजवळ घालून घेतले. उशींत सावरीचा मऊ कापूस भरला. पिसांचा हलकेपणा बराचसा त्यांतहि मिळतो.

ज्यांच्या घरीं कडाक्याची थंडी पडते, खालची गादी सुदृढ आहे, आणि ज्यांना उठायला टेंका लागत नाहीं, त्यांनीं पिसांची गादी खुशाल घ्यावी. मात्र पिसें कोठून आलीं, हें विचारून घ्यावी. आईची पाठ अजूनहि अधूनमधून दुखते. पण ती आतां कोणाच्या आधाराशिवाय उठते, आणि गादी कशाची म्हणून कोणीं विचारलें, तर कापसाचें नांव न घेतां नातवाचें घेते.