गजराआधीची जाग

पहाटेची गाडी पकडायची असली की गजर वाजायच्या आत जाग येते. सहाला उठायचं ठरवलं होतं आणि उठलोही, म्हणून निग्रहाचं श्रेय आपण लगेच स्वतःकडे घेतो. जर्मनीतल्या ल्यूबेकच्या संशोधकांनी १९९९ साली त्यातला शरीराचा वाटा दाखवून दिला. सहाला उठवणार असं सांगून झोपवलेल्यांच्या रक्तात एसीटीएच हे संप्रेरक तासभर आधीपासूनच चढू लागलं होतं. नऊची वेळ सांगून सहालाच उठवलेल्यांत ही आगाऊ वाढ नव्हती.

मग इच्छा नेमकी कुठे होती? रात्री ठरवण्यात असेल. पहाटे चालू होती ती नुसती तयारी.

अशा तयारीला मेंदूसुद्धा लागत नाही. फायसारम हा पिवळा, एकपेशीय, बिळबिळीत जीव. होक्काइदो विद्यापीठातल्या प्रयोगात त्याला दर तासाला थोडा वेळ थंड, कोरडी हवा दिली. तिच्यात तो मंदावायचा. असं तीनदा झाल्यावर चौथ्या वेळी हवा बदललीच नाही, तरी ठरल्या वेळेला तो मंदावला. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन यांनी १९८५ च्या पुस्तकात सजीवाचं लक्षणच असं सांगितलं होतं की तो भविष्याचा नमुना पोटात बाळगून आज वागतो. मला ते पटतं. पण यालाच कुणी स्वातंत्र्य म्हणू लागलं की मी अडतो. फायसारमचा अंदाज फसत गेला तर तो पुढे मंदावायचं सोडतो, एवढंच. अंदाज धुडकावून पाहू, असं त्याच्या वागण्यात कुठे दिसत नाही.

आपल्यात तरी दिसतं का? मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात बोट हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू होई आणि ‘हलवावं’ ही जाणीव त्यानंतर येई. इच्छास्वातंत्र्य संपलं, असा गलका झाला. खुद्द लिबेट मात्र म्हणत होते की शेवटच्या क्षणी नकार देता येतो. (बोट हलवण्याएवढ्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीवर माणसाचं स्वातंत्र्य तोलायचं, हेच मला जरा विनोदी वाटतं.) २०१२ मध्ये मेंदूसंशोधक आरॉन शुर्गर यांनी तर मेंदूतल्या त्या आधीच्या हालचालीचा चढता आलेख मेंदूतल्या सहज चढउतारांचाही असू शकेल, असं दाखवलं.

मला लिबेटचा नकार मोलाचा वाटतो. शरीर सज्ज झालेलं, पुढचं पाऊल ठरल्यासारखं, आणि तरी माणूस थांबतो. हा नकारही आतल्या आत आधीच शिजलेला असेल, अशी शंका उरतेच, आणि ती उडवून लावण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.