फाइलच्या तळाशी दडलेला कागद

मे महिन्यातील एका दुपारी दवाखाना संपत आला असताना आबा दारात येऊन उभे राहिले. मधुमेहासाठी ते गेली बारा वर्षे माझ्याकडे येतात; नेहमी सकाळी, उपाशीपोटी, साखर तपासून घेण्यासाठी. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात साखरेच्या नोंदींची वही नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी फाइल होती. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "बाई, पोरीला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय. हे कागद जाळून टाकू का?"

फाइलमध्ये काय आहे ते मला ठाऊक होते. त्यातली पहिली चिठ्ठी माझ्याच हस्ताक्षरातली होती. आबांची नात सतरा वर्षांची असताना, २०२१ साली, कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिची आई गेली. त्यानंतरचे तीन महिने ती मुलगी जेवली नाही, झोपली नाही आणि एके दिवशी आजीला म्हणाली, "मी नसले तर तुम्हाला तरी सुटल्यासारखं होईल." आजीने ते बोलणे मनावर घेतले, आणि त्या एका शहाणपणाने पुढचे सारे सावरले. मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. निदान नैराश्याचे झाले. वर्षभराहून अधिक काळ गोळ्या आणि समुपदेशन झाले. तज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्या हळूहळू कमी होत थांबल्या. त्याला आता दोन वर्षे उलटली होती. ती पदवीच्या शेवटच्या वर्षात होती आणि रोज पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर धावत होती.

आबांचा प्रश्न साधा होता आणि त्यामागचे भय त्याहून साधे. "एवढं सगळं करून एका कागदापायी पोरीचं नुकसान झालं तर?" ते म्हणाले. मी तत्काळ उत्तर देऊ शकले नाही. कारण सुमारे वीस वर्षांपूर्वी असाच एक कागद मी माझ्या हाताने खोटा केला होता.

तेव्हा पोलीस दलातला एक तरुण शिपाई माझ्याकडे आला होता. रात्रपाळ्या, सणासुदीचा बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा. झोप उडालेली, छातीत धडधड, डोळ्यांत सतत पाणी. तज्ज्ञांचे नाव काढताच त्याच्या वडिलांनी हात जोडले. "वेड्यांच्या डॉक्टरांचा शिक्का नको, बाई. ताप लिहा." मी ताप लिहिला. महिन्याची रजा मिळाली, झोपेच्या गोळ्यांवर तो थोडा सावरला आणि कामावर गेला. मूळ आजारावर उपचार झालेच नाहीत. वर्षाच्या आत तो पुन्हा खचला आणि न कळवता दोन आठवडे घरीच बसून राहिला. गैरहजेरीची चौकशी लागली. आपण आजारी होतो हे त्याने सांगितले, तेव्हा पुराव्यादाखल त्याच्याजवळ होते ते माझे तापाचे प्रमाणपत्र. त्याला वाचवण्यासाठी लिहिलेला कागद त्याच्याच विरोधात उभा राहिला. पुढे त्याने नोकरी सोडली. त्या घरातून मला कोणी दोष दिला नाही. पण मी तो विसरलेले नाही.

हे सारे मी आबांना सांगितले. मग म्हटले, "कागद जाळू नका. उद्या पोरीला घेऊन या. निर्णय तिच्या आयुष्याचा आहे. तिच्याशी बोलू द्या."

ती आली. मी तिला प्रथम कायद्याचे सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे : पूर्वी घेतलेले उपचार किंवा रुग्णालयातले वास्तव्य विचारात घेण्याजोगे असले, तरी केवळ तेवढ्यावरून कोणाला आज किंवा उद्या मनोरुग्ण ठरवता येत नाही. आपल्या आजाराविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही हाच कायदा देतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याला सेवेत असताना मानसिक आजार जडला आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई भेदभावाची ठरवली. गरज पडल्यास त्याला दुसरे काम द्यावे, पगार आणि सेवाशर्ती कायम ठेवाव्यात, असे सांगताना, ते काम शस्त्र हाताळण्याचे नसेल अशी काळजी घेण्याची मोकळीकही न्यायालयाने दलाला दिली.

या निकालाच्या दोन्ही बाजू मी तिच्यापुढे ठेवल्या. आजार हा गुन्हा नव्हे, ही एक बाजू. पोलिसाच्या हाती शस्त्र आणि इतरांचे प्राण असतात, म्हणून त्याची मानसिक क्षमता पाहिली जाणे रास्तच आहे, ही दुसरी. नैराश्याचा एक टप्पा येऊन पूर्ण ओसरणे निराळे आणि वारंवार उसळणारा आजार निराळा. काही आजारांत जागरण हेच आजार उलटण्याचे कारण ठरते. अशा व्यक्तीने रात्रपाळीची नोकरी पत्करण्यापूर्वी तज्ज्ञांशी मोकळेपणाने बोललेच पाहिजे. तेव्हा प्रत्येकाला एकच उत्तर देता येत नाही.

"मग मी काय लिहू?" तिने विचारले.

"जे विचारलं जाईल त्याचं खरं उत्तर. न विचारलेलं गावभर सांगत बसायची गरज नाही, पण विचारलेलं लपवायचं नाही," मी म्हणाले. भरतीनंतर भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात खोटी माहिती दिल्याचे पुढे उघड झाले, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. सत्य सांगितल्यावर काय होईल ते ठरवणे शासकीय वैद्यकीय तपासणीचे काम. आपण त्यांना पुरेसा आधार द्यायचा. म्हणून मी तिला तज्ज्ञांकडे परत पाठवले आणि एक पत्र मागून घ्यायला सांगितले : निदान काय होते, उपचार कोणते आणि किती काळ झाले, ते केव्हा आणि कोणाच्या सल्ल्याने थांबले, त्यानंतर प्रकृती कशी आहे आणि आजची तपासणी काय सांगते.

ती क्षणभर गप्प राहिली. नंतर म्हणाली, "डॉक्टर, मला भीती पोलिसांच्या तपासणीची नाही. मी नापास झाले तर पुन्हा तशीच होईन का, याची आहे."

हाच खरा प्रश्न होता, आणि त्यावर कोणाचेही प्रमाणपत्र चालत नव्हते. मी तिला म्हटले की परत तसे होणार नाही असे वचन मी देऊ शकत नाही; नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांना ते पुन्हा येण्याची शक्यता राहते. मात्र या खेपेस त्याची पावले ओळखता येतील. झोप मोडणे, जेवण टाकणे, मैदान चुकवणे, मैत्रिणींचे फोन न उचलणे : तिच्याबाबतीत आजार याच क्रमाने आला होता. तो क्रम आम्ही एका कागदावर लिहिला. एक प्रत तिच्याकडे, एक आजीकडे. यांतल्या दोन गोष्टी आठवडाभर टिकल्या तर वाट न पाहता तज्ज्ञांकडे जायचे, असे ठरले.

भरती झाली. ८०० मीटर ती चांगली धावली, १०० मीटरही बरे गेले. चार किलोच्या गोळ्याने मात्र दगा दिला. मैदानी चाचणीच्या ५० पैकी निम्म्यांहून अधिक गुण मिळाले, पण लेखी परीक्षेच्या यादीत नाव आले नाही. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. आवाज कापत होता. "बाई, काय करू?"

"ती काय करतेय?"

"रडली. मग जेवली. आता झोपलीय."

"मग तुम्हीही जेवा आणि झोपा," मी म्हणाले. पुढचे दहा दिवस आजीने तो कागद शेजारी ठेवून रोज पाहिले. दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री लागली. अकराव्या दिवशी मुलगी पुन्हा मैदानावर गेली. आता ती गोळाफेकीचा वेगळा सराव करते आहे. पुढच्या भरतीत काय होईल ते मला ठाऊक नाही. वैद्यकीय तपासणीत तज्ज्ञांचे पत्र वाचून तिच्याविषयी काय ठरेल तेही नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी फाइल कपाटाच्या तळाशी दडवलेली असेल. ती जाळू नका. नातवंडांना शाळा, नोकरी, लग्न अशा प्रत्येक वळणावर "ते कोणाला सांगू नकोस" असे बजावताना, आजारापेक्षा त्याची लाज मोठी आहे असे आपण त्यांना शिकवतो. भरती जवळ आली म्हणून चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू देऊ नका. उपचार घेत असलेला माणूस उपचार टाळणाऱ्याहून भरवशाचा असतो. घरातल्या कोणी "मी नसले तर बरे" असे म्हटले, तर ते रागाचे बोलणे समजून सोडून देऊ नका. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

मागच्या आठवड्यात आबा साखर तपासायला आले, सकाळी, उपाशीपोटी. जाताना म्हणाले, "बाई, ती फाइल आता पोरीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटबरोबर ठेवलीय. शोधावी लागू नये म्हणून."