आईचे वावर

आमची आई नव्वदीच्या पुढे जगली. नेमके वय तिला ठाऊक नव्हते. तिची कालगणना वेगळी होती. 1961 साली पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. 1972 च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो आली तेव्हा धाकटी बहीण रांगत होती.

हिंजवडीच्या शिवारात आषाढात भाताची लावणी चाले. आई दिवसभर चिखलात वाकलेली असे. घरी आल्यावर आधी गुरांना वैरण, मग आम्हांला भाकरी, आणि उरलेच तर तिला. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघे, तेवढा एकच दिवस ती नवे लुगडे नेसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावात आयटी पार्क येऊ लागले आणि आमचे वावर गेले. सातबाऱ्यावर नाव वडिलांचे, सहीही त्यांचीच. जिने चाळीस वर्षे ती माती तुडवली, तिचा अंगठादेखील कुठे लागला नाही. ती एवढेच म्हणाली, "आता बी कुठं टाकायचं रं?"

पैसा आला, बंगला झाला. आईने कुंपणालगत पावटा लावला. दर वर्षी पहिल्या शेंगा ती तोडू देत नसे; त्या बियाण्याच्या.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत राखेत घोळलेल्या बियांचे गाठोडे निघाले. बायकोने ते मृगात टोकले. वेल आता फुलावर आला आहे. पहिल्या शेंगांना कुणी हात लावायचा नाही, असे तिने मुलांना बजावले आहे.