मिठाची तक्रार

मध्यमवर्गीय माणसाला घराबाहेर मुक्काम करायचा झाला, तर त्याच्यापुढे पूर्वापार दोनच वाटा. एक नातेवाइकाची आणि दुसरी हॉटेलची. नातेवाइकाकडे पैसे पडत नाहीत. पण दुसरा चहा मागता येत नाही, आणि मुलांनी गादीवर उडी मारली की आपला जीव खालीवर होतो. हॉटेलात दहा चहा मागता येतात; पण आपण जेवलो की उपाशी झोपलो, याची तेथे कोणी चौकशी करीत नाही. या दोहोंमधली तिसरी वाट आपल्या कोकणाने काढली. कुंपणाला टांगलेली ती पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे: ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय.’

या ‘घरगुती’ शब्दात किती अर्थ साठवला आहे, ते मी दिवेआगरला शिकलो.

रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असे करीत एस. टी. तेथे पोचते. घरापुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचे बन आणि बनापलीकडे समुद्र. या भागातली ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध. पूर्वी गावाचा चरितार्थ मुख्यतः वाड्यांवरच चाले. पुढे १९९७ च्या नोव्हेंबरात एका वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. दर्शनाला माणसे लोटली. लोटलेली माणसे राहणार कोठे आणि जेवणार काय? कोणी पडवी मोकळी करून दिली, कोणी माजघर दिले; मग हळूहळू वाडीच्या कडेला दोन-दोन खोल्या उभ्या राहिल्या.

अशाच एका घरी २००४ साली आम्ही प्रथम उतरलो. घरात काका, काकू आणि काकांची म्हातारी आई. नियम पहिल्याच दिवशी समजले. मोदक हवे असतील तर किती, ते सकाळीच सांगायचे. नारळ खवायला वेळ लागतो. समुद्रावरून आल्यावर वाळूचे पाय घेऊन ओटीवर चढायचे नाही. रात्री दहानंतर आजींची झोपमोड करायची नाही. मुलांनी हे सारे नियम निमूटपणे पाळलेले पाहून सौ. म्हणाली, “आपल्या घरी का नाही पाळत?” या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर वालाची उसळ, सोलकढी आणि वाफाळता भात होता. उसळीत मीठ कमी होते. मी मुकाट्याने वरून मीठ घेतले, पण सौ.ने ते काकूंना सांगून टाकले. मला वाटले, आता काकूंचे तोंड उतरणार. पण त्या चटकन म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत. ‘छान, छान’ म्हणून जाणारी माणसं परत येत नाहीत.”

आम्ही मात्र परत जात राहिलो. २०१२ च्या मार्चमध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा चोरीस गेला. गावात येणारी माणसे ओसरली. त्या मे महिन्यात त्या घरी आम्हीच तेवढे होतो. दर तोच होता आणि वाढपही तेच.

मग आला ३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीमुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. आता त्यांवर कौलेही उरली नाहीत. वाडीतल्या पोफळी बोरू मोडावेत तशा मोडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे त्या एका दुपारने पुढची कित्येक वर्षे नेली. बऱ्याच दिवसांनी फोन लागला. मी म्हटले, “काका, आम्ही चार घरांनी मिळून थोडी रक्कम जमवली आहे. नाही म्हणू नका.”

काकांनी फोन काकूंकडे दिला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मदत म्हणून नको, भाऊ. मदत घेतली, तर पुढच्या खेपेला उसळीत मीठ कमी पडलं तर वहिनी मला सांगायच्या नाहीत.”

मी निरुत्तर झालो. शेवटी तोड काकांनीच काढली. रक्कम आगाऊ म्हणून जमा करायची आणि पुढल्या मुक्कामांतून ती वळती करून घ्यायची. त्या पैशांतून एका खोलीवर पत्रे चढले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदिरात मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. डिसेंबरात आम्ही गेलो. वाडीत जेथे भर दुपारी सावली असायची, तेथे लख्ख ऊन पडले होते. निघताना काकांनी वही काढली. चार कुटुंबांची नावे, प्रत्येकाची जमा, आमचे दोन दिवस, सोळा मोदक, जादा तीन चहा. सारे वजा करून बाकी मांडलेली. मी म्हटले, “निदान चहा तरी राहू द्या.” काका हसले नाहीत. म्हणाले, “राहू कसा देणार? हिशेब हिशेबाच्या जागी.” बाकी पुढल्या मुक्कामात फिटली, तेव्हा त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि मोठ्या समाधानाने वही मिटली.

अशा घरांचे कौतुक करताना आपण म्हणतो, “अहो, ते पैशासाठी करतच नाहीत!” मला हे कौतुक आता पटेनासे झाले आहे. ते पैशासाठीच करतात, आणि त्यात उणे काही नाही. पैसे चुकते होतात, म्हणून आपल्याला हक्काने मीठ मागता येते आणि त्यांना हक्काने आपल्या मुलांचे वाळूचे पाय ओटीवरून खाली उतरवता येतात. उपकार मधे आला, की दोघांनाही जपून बोलावे लागते. जपून बोलणे आले, की ते घर घरगुती राहत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत आपणही कदाचित कोकण किनाऱ्याला जाल. दरासाठी घासाघीस करू नका. निघताना दया म्हणून चार नोटा जास्तही ठेवू नका. हिशेब चोख द्या. आणि आमटीत मीठ कमी असेल, तर तेवढे मात्र जरूर सांगा.